हिमाचें घर

मुंबईच्या मुलाला थंडी ती काय ठाऊक! २२ जानेवारी १९६२ रोजीं सांताक्रूझ येथील वेधशाळेंत पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, ती या शहरांतील थंडीची परमावधि. एरवीं शीव-माटुंग्याची वडीलधारी मंडळी पहाटे कानांना मफलर गुंडाळून दूध आणावयास निघाली म्हणजे हिंवाळा आला असें आपण समजतों. परंतु पृथ्वीवर असेही प्रदेश आहेत कीं, जेथें पारा शून्याच्या खालीं तीस-चाळीस अंश जातो, सरपणाला झाड नाहीं, भिंतीला माती नाहीं, आणि दृष्टि पोहोंचेल तेथवर हिमावांचून दुसरा पदार्थ नाहीं. तेथें रात्र काढण्याची पाळी आलेला जाणता मनुष्य त्या हिमाचेंच घर करतो आणि त्यांत निजतो. ज्या हिमांत उघड्यावर निजलेला मनुष्य सकाळीं उठत नाहीं, तेंच हिम त्याचें पांघरूण कसें होतें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. बोलतांना आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतों. पण सरबताच्या गाडीवर किसला जातो तो बर्फ निराळा, आणि आकाशांतून पडतें तें हिम निराळें. बर्फ म्हणजे घट्ट गोठलेलें पाणी. हिम म्हणजे ढगांतील बाष्पापासून बनलेले नाजूक स्फटिक. ते एकमेकांवर पडत जातात तेव्हां त्यांच्या फटींत हवा अडकून राहते. नुकतेंच पडलेलें भुसभुशीत हिम दहा घागरी घेऊन वितळविलें, तर साधारणपणें एकच घागर पाणी हातीं लागतें. बाकीची जागा हवेनें व्यापलेली असते. आणि हवा जोंपर्यंत कोंडलेली व स्थिर आहे, तोंपर्यंत ती उष्णतेला सहजासहजीं पलीकडे जाऊं देत नाहीं. गोधडीची ऊब हीच, लोकरीच्या घोंगडीची ऊबही हीच. स्तोत्रसंहितेंत हिमाला लोकरीची उपमा दिलेली आहे. ती शुभ्र रंगावरून सुचली असेल. परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेंही ती यथार्थ आहे.

याचा पडताळा पाहण्यास हिमालयांत जावयास नको. बर्फाच्या वखारींत लादी लाकडाच्या भुशांत पुरून वर गोणपाट टाकलेलें आपण पाहतों. यंत्रानें बर्फ करण्याची विद्या येथें येण्यापूर्वीं, १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन बंदरांतून तळ्यांचा बर्फ भरून एक जहाज कलकत्त्यास आलें. चार महिन्यांचा प्रवास, दोनदां विषुववृत्त ओलांडणें, आणि तरीही निघतांना घातलेल्या सुमारें १८० टनांपैकीं सुमारें १०० टन बर्फ शाबूत होता! पुढील वर्षीं मुंबईकरांनींही तो अमेरिकन बर्फ चाखला. लादीभोंवतालचा भुसा थंडी निर्माण करीत नाहीं. तो बाहेरची उष्णता आंत शिरूं देत नाहीं, एवढेंच. हिमाच्या भिंती हेंच काम उलट दिशेनें करतात. त्या आंतली उष्णता बाहेर निसटूं देत नाहींत.

मग आंत उष्णता येते कोठून? ती मनुष्य स्वतःबरोबर आणतो. आपलें शरीर ३७ अंशांवर तापलेली एक भट्टीच आहे. स्वस्थ पडलेला मनुष्यही सुमारें १०० वॅटच्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. उघड्यावर ती वारा हिरावून नेतो. लहानशा हिमघरांत ती सांचते, आणि बाहेर उणे चाळीस अंश असले तरी आंत पारा शून्याच्या आसपास येऊन ठेपतो. शून्य अंश म्हणजे कांहीं वसंत ऋतु नव्हे. पण ज्याच्याजवळ चांगलें पांघरूण आहे त्याला तेवढ्यावर रात्र काढतां येते. सारांश, हिमाचें घर ऊब देत नाहीं. आपण आंत नेलेली ऊब तें राखतें.

अशीं घरें बांधण्यांत जगांत सर्वांत निष्णात म्हणजे उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक. जुन्या पुस्तकांत त्यांना एस्किमो म्हटलेलें आढळतें. त्यांचें घुमटाकार ‘इग्लू’ चित्रांत सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु त्यांतील युक्ति थोड्यांनाच ठाऊक असते. वाऱ्यानें घट्ट दाबलेलें हिम काठीनें चांचपून निवडतात आणि लांब सुरीनें त्याच्या विटा कापतात. पहिला थर गोल मांडल्यावर त्याचा माथा उतरता कापून घेतात. त्यामुळें पुढील विटा गोगलगाईच्या शंखाप्रमाणें वळसे घेत वर चढतात आणि प्रत्येक वीट आंत झुकून शेजारणीवर टेकते. बांधणारा आंत उभा राहूनच बांधतो. शेवटची वीट माथ्यावर बसली कीं घुमट आपल्याच भारानें भक्कम होतो. फटी मऊ हिमानें बुजवितात. आंत सीलच्या चरबीचा दिवा लागला म्हणजे भिंतीचा आंतला पृष्ठभाग किंचित् वितळून पुन्हां गोठतो आणि घराला जणूं बर्फाचा गिलावा होतो. वाकबगार मनुष्य दोन-एक तासांत असें घर उभें करतो.

ही कला एका दिवसांत साधत नाहीं. म्हणून गिर्यारोहकांना दोन सोपे मार्ग शिकवितात. जेथें वाऱ्यानें उतारावर हिमाचा उंच ढीग सांचलेला असतो, तेथें त्यांत गुहा कोरावयाची, हा एक. सपाटीवर असाल तर फावड्यानें हिमाचा पुरुषभर उंच ढीग घालावयाचा आणि तास-दोन तास त्याला तसाच राहूं द्यावयाचा, हा दुसरा. हें थांबणें आळसाचें नव्हे. उपसलेल्या हिमाचे कण तेवढ्या अवधींत एकमेकांस चिकटून सांधले जातात. मिठागरांतील मिठाची रास कांहीं दिवस पडून राहिली म्हणजे तिच्यावर कसें कठीण कवच येतें, तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना या गोष्टीचें नवल वाटणार नाहीं. मग ढिगांत चोहोंकडून फूटभर लांबीच्या काड्या खोंचतात व आंतून पोखरूं लागतात. काडीचें टोंक दिसलें कीं तेथें खोदणें थांबवावें. म्हणजे भिंत सर्वत्र सारखी जाड राहते.

घर कोणत्याही रीतीचें असो, त्यांत तीन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली ही कीं, दार खालीं आणि निजावयाचा ओटा वर. ऊन हवा हलकी असल्यामुळें वर राहते, थंड हवा जड असल्यामुळें खालीं दाराकडे उतरते. ओटा दाराच्या माथ्याहून उंच असला म्हणजे निजणारा उबेच्या थरांत राहतो. दुसरी, छत गुळगुळीत व कमानदार असावें. खडबडीत छताच्या प्रत्येक उंचवट्यावरून पाण्याचा थेंब अंथरुणांत पडतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची: छतांत मुठीएवढें छिद्र ठेवावें, आणि रात्रींतून उठून काठीनें तें मोकळें आहे कीं नाहीं हें पाहावें.

या तिसऱ्या गोष्टीचें महत्त्व इतिहासांतील एका सत्यकथेवरून कळेल. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेंतील सहा जणांची एक तुकडी, व्हिक्टर कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखालीं, १९१२ च्या जानेवारींत मुख्य तळापासून दूर किनाऱ्यावर उतरली. कांहीं आठवड्यांनीं जहाज त्यांना नेणार होतें. समुद्र गोठल्यामुळें तें येऊं शकलें नाहीं. उन्हाळ्याचे कपडे आणि थोडक्या दिवसांची शिधासामग्री एवढ्यावर ध्रुवाकडील हिंवाळा त्यांच्यापुढें उभा राहिला. त्यांनीं हिमाच्या ढिगांत सुमारें १२ फूट लांब, ९ फूट रुंद व साडेपांच फूट उंच अशी गुहा खणली आणि मार्चपासून सप्टेंबरअखेर तींत दिवस काढले. सील व पेंग्विन मारून खाल्ले, चरबीवर चूल व दिवे चालविले. तिघे अधिकारी, तिघे खलाशी. कॅम्बेलनें जमिनीवर एक रेघ ओढली आणि नियम केला कीं, रेघेच्या एका बाजूस बोललेलें दुसऱ्या बाजूस ऐकूं आलें असें कोणी मानूं नये. एवढ्याशा जागेंत सलोखा राखण्यासाठीं ही युक्ति! एकदां वादळांत धुराड्याचें तोंड हिमानें बुजलें. दिवे मंदावून विझूं लागले, तेव्हां धोका ध्यानांत येऊन त्यांनीं वाट मोकळी केली, म्हणूनच ते वांचले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत ते सहाही जण पायीं चालत तळावर पोहोंचले. थंडीनें जें केलें नाहीं, तें कोंडलेली हवा एका रात्रींत करती.

पालकांना वाटेल, मुंबईंतील मुलांना याचा काय उपयोग? परंतु महाराष्ट्राचा आणि हिमाचा संबंध आतां दूरचा राहिलेला नाहीं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेंत व मनालीकडे आपल्या शहरांतील तरुण-तरुणी शिक्षणासाठीं जातात. नागपूरच्या अदिति पंत या १९८३-८४ च्या भारतीय मोहिमेंतून अंटार्क्टिका खंडावर गेल्या. त्या मोहिमेंतच तेथें ‘दक्षिण गंगोत्री’ हें पहिलें भारतीय ठाणें उभें राहिलें. पुढें थोड्याच वर्षांत तें ठाणें वाढत्या हिमाखालीं गाडलें गेलें आणि खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ ठाणें बांधावें लागलें. हिमाच्या सहवासांत राहणाऱ्यानें केव्हांही गाफील राहूं नये, हाच त्याचा अर्थ.

सियाचीनवर तर आपले जवान बारा महिने हिमांतच राहतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं तेथील सुमारें १९,६०० फूट उंचीच्या ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याकडील एक जवान होता. सहाव्या दिवशीं शोध करणाऱ्यांना धारवाड जिल्ह्यांतील हणमंतप्पा कोप्पद हे पंचवीस-तीस फूट खोल हिमाखालीं जिवंत सांपडले. तंबूंत उरलेली हवेची पोकळी हें त्यांच्या जगण्याचें कारण मानलें गेलें. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयांत त्यांचें देहावसान झालें, आणि साऱ्या देशानें हळहळ व्यक्त केली. आपण खिडक्या उघड्या टाकून निजतों, त्या रात्रीं हीं माणसें कोणत्या अंथरुणावर निजतात, याचें स्मरण आपण ठेवावें हें उचित होय.

आतां हिमघरांत निजण्याचे चार नियम सांगून लेख पुरा करतों. खणतांना घाम येईल इतकी घाई करूं नये. ओला कपडा थंडींत शत्रूसारखा आहे. अंगाखालीं जाड अंथरूण घ्यावें, कारण हिमाला अंग टेकलें तर उष्णता खालीं निघून जाते. फावडें आंत घेऊन निजावें. रात्रींत दार बुजलें तर तेंच उपयोगी पडतें. आणि छिद्र मोकळें असल्याखेरीज आंत स्टोव्ह किंवा चूल पेटवूं नये. जळणाऱ्या पदार्थापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. तो निजलेल्याला जागें होऊं देत नाहीं.

हा शेवटचा नियम हिमापुरताच नाहीं. डिसेंबरांत गांवीं गेल्यावर दारें-खिडक्या लावून खोलींत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजण्याची चाल कित्येक ठिकाणीं अद्याप आहे. विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टींत आजी-आजोबांच्या घरीं गेलांत तर रात्रीं शेगडी अंगणांत नेऊन ठेवा आणि झरोका उघडा आहे कीं नाहीं तें पाहा. हिमघर बांधण्याचा प्रसंग तुम्हांपैकीं फार थोड्यांवर येईल. पण ऊब राखावी आणि हवेची वाट मोकळी ठेवावी, हें शहाणपण प्रत्येक घरांत उपयोगी पडणारें आहे.