जुनी बोट घेताय? आधी गिअर ऑइल बघा!

पर्यटनाच्या धंद्यासाठी स्टर्न ड्राइव्हची जुनी बोट स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच टोकन देऊ नका. या बोटीत इंजिन आत असतं, पण गिअर मागे पाण्यात. तिथलं सील गेलं की ऑइल बाहेर आणि पाणी आत!

बोट किनाऱ्यावर घ्या, काही तास उभी ठेवा आणि गिअरचा खालचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय. धातूचे तुकडे निघाले, तर गिअरच खराब झालेत.

आता गळती शोधा. प्रोपेलर काढा, शाफ्टला गुंडाळलेली तंगूस सील कापते. प्लगचे वॉशर बघा. तरी सापडलं नाही, तर मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या: ऑइल काढून मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच हवा भरायची, बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे जिथे, गळती तिथे.

नुसतं ऑइल टॉप-अप केलं तर दुखणं तसंच राहतं. मग ऐन दिवाळीच्या सीझनला बोट उभी, पण बँकेचा हप्ता चालूच! म्हणून आधी टेस्ट, मग भाव.