कातळशिल्प : संज्ञा आणि स्थळ

शिल्प म्हटले की उभी, सभोवतालच्या अवकाशापासून वेगळी काढता येणारी मूर्ती डोळ्यांपुढे येते. कोकणातील कातळशिल्पांना ही कल्पना लागू पडत नाही. तेथे आकृती आडवी आहे. पायांखालची भूमी हाच तिचा दगड आणि हीच तिची बैठक होय.

या भूमीस कोकणात ‘सडा’ म्हणतात. अंगणात शिंपडलेले पाणी किंवा विखुरलेली फुले हा त्या शब्दाचा सर्वपरिचित अर्थ. येथे मात्र जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, सपाट पठार अभिप्रेत आहे. लोहयुक्त जांभ्याचा उघडा पृष्ठभाग ऊन-पावसाने कठीण व काळसर होतो. हाच कातळ खोदून आकृती रेखिल्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांच्या अनेक आकृती सामावल्या आहेत. गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथेही अशा आकृती असून त्या १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आल्या.

कित्येक आकृती केवळ रेषांनी घडल्या असल्यामुळे काही अभ्यासक ‘कातळखोदचित्र’ ही संज्ञा वापरतात. ‘चित्र’ म्हणताच लक्ष रेषेकडे जाते, ‘शिल्प’ म्हणताच कोरण्याच्या क्रियेकडे. परंतु दोन्ही सामासिक शब्दांत पूर्वपद एकच आहे, आणि अर्थाचा भार त्यावरच अधिक आहे. कातळावेगळी केलेली आकृती कातळशिल्प उरत नाही.

हा कातळ निर्जीवही नाही. पावसाळ्यात त्याच्या खोलगट भागांत पाणी साचते. मातीच्या पातळ थरावर सीतेची आसवे, गेंद यांसारख्या वनस्पती फुलतात. दीपकाडीची एक जाती तर कोकणच्या सड्यांखेरीज अन्यत्र क्वचितच आढळते. पाऊस ओसरला की हे सर्व वाळते आणि रेषा पुन्हा स्पष्ट होतात. शिल्पाचे दिसणे-लोपणे असे ऋतुचक्राशी बांधलेले आहे.

तथापि व्यवहारात या भूमीस ‘पडीक’ वा ‘ओसाड’ म्हटले जाते. जे पडीक, ते वापरात आणावे, हा निष्कर्ष त्या विशेषणातच दडलेला असतो. चिरेखाणी, रस्ते आणि सुरुंग लावून केलेल्या आंबाबागा यांनी सडे झपाट्याने बदलत आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत महाराष्ट्रातील आठ व गोव्यातील एक अशी नऊ स्थळे समाविष्ट झाली. त्यांत बारसूचा समावेश आहे. त्याच परिसरात २०२३ मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी भूसर्वेक्षण सुरू झाले व त्यास स्थानिकांनी तीव्र विरोध केला.

मूर्ती संग्रहालयात हलविता येते. सडा हलविता येत नाही. आकृतीभोवती कुंपण घालून सभोवारचा कातळ खणून नेल्यास उरेल ती केवळ रेषा. यास्तव संरक्षणाचा विषय ठरविताना आकृतीइतकाच सडाही त्यात अंतर्भूत करणे अगत्याचे आहे. ‘कातळशिल्प’ या संज्ञेचा पूर्ण अर्थ तोच आहे.