सांडपाणी हवेत कसं जातं, आणि त्या प्रयोगशाळेत आपण कसे जाऊ?

रसायनशास्त्रात एमएससी झालेली आपली बहुतेक मुलं औषध कंपनीत लागतात, नाहीतर सेट-नेटच्या अभ्यासाला बसतात. अमेरिकेतली पीएचडी हा पैसेवाल्यांचा विषय, असं आपण धरूनच चालतो. हा समज एका उदाहरणावर तपासून पाहू.

किंबर्ली प्रेदर कॅलिफोर्निया विद्यापीठात, सॅन डिएगोला, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. विषय एअरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म घन किंवा द्रव कण. धुळीत, धुरात, समुद्राच्या तुषारांत, आपल्या उच्छ्वासातही ते असतात. प्रेदर यांनी विकसित केलेलं यंत्र कण उडत असतानाच एकेकाचा आकार मोजतं, लेझरने तो फोडतं आणि तो कशाचा बनलाय हे सांगतं.

मेक्सिकोतल्या तिहुआना शहराचं सांडपाणी नदीतून सीमा ओलांडून अमेरिकेच्या इम्पीरियल बीचला येतं. लाटा फुटल्या की त्यातले जीवाणू तुषारांबरोबर हवेत जातात, हे त्यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं. म्हणजे पाण्यात पाय न घालणाऱ्याच्या श्वासातही गटार जातं. नाल्याकाठच्या किंवा डंपिंग ग्राउंडशेजारच्या वस्तीत वाढलेल्या आपल्या पोरांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

आता प्रवेशाचं. अमेरिकेत रसायनशास्त्राच्या पीएचडीला सहसा फी भरावी लागत नाही. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यापीठच दरमहा पैसे देतं. एमएससीची सक्ती नसते, मात्र तीन वर्षांच्या बीएससीवर अनेक ठिकाणी अडतं, तिथे एमएससी कामाला येते. जीआरई बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. टोफेल किंवा आयईएलटीएस मात्र द्यावी लागते. अर्जाची फी जड वाटली तर माफीसाठी ईमेल करावा, यात लाज कसली? फी भरून एमएस करायचं असेल, तर अनुसूचित जातींसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे.

खरी अडचण तीन शिफारसपत्रांची. मागच्या बाकावर बसून पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलाचं नावही सरांना आठवत नाही, मग ते लिहिणार काय? म्हणून एमएससीच्या पहिल्या वर्षीच एखाद्या प्राध्यापकाकडे प्रकल्प मागावा, प्रयोगशाळेत रोज दिसावं. अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरात संपते. पत्रांसाठी ऑक्टोबरातच विचारून ठेवावं.