घामाचा हिशेब

1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिनाभरात, अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल दगावले. खालच्या वजनगटात बसण्यासाठी तिघेही रबरी सूट चढवून, तापलेल्या जागेत घाम गाळत होते. खेळाडूच्या अंगातलं पाणी मोजणं हा प्रयोगशाळेचा विषय होता; तो आखाड्याचा नियम झाला तो या मृत्यूंनंतर.

साधनं आधीही होतीच. 1994 मध्ये लॉरेन्स आर्मस्ट्राँग यांनी लघवीच्या रंगाचा आठ छटांचा तक्ता दिला होता. तक्ता सोपा, पण बी जीवनसत्त्वाची एक गोळी घेतली की पार फसतो.

1998 पासून अमेरिकी कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना बंद झाले. हंगामाआधी मल्लाचा वजनगट ठरवताना लघवीची घनता तपासणं आलं. हातात मावणारी एक नळी. तिच्या काचेवर लघवीचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तो आकडा. शुद्ध पाण्याचा 1.000. मल्लाचा 1.020 च्या वर गेला तर त्या दिवशी वजन घ्यायचं नाही. पोरं याच्याही पुढची! तपासणीआधी घटाघटा पाणी प्यायलं की लघवी पातळ होते, शरीरातली तूट मात्र भरलेली नसते. रक्त जास्त खरं बोलतं, पण रोज सकाळी सुई कोण टोचून घेणार?

धावपटूंचं दुखणं नेमकं उलटं निघालं. शर्यतीत सोसेल तेवढं पाणी प्या, असा तेव्हाचा सल्ला. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर जास्त पाण्याने पातळ होऊन 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घटलेलं निघालं. धावताना ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका जास्त. 2007 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने सांगितलं, ज्याने त्याने आपल्या घामाप्रमाणे प्यावं, वजनातली घट 2 टक्क्यांच्या आत ठेवावी.

ऑलिंपिक कुस्तीच्या काट्याला मात्र फक्त किलो कळतात. 2024 मध्ये पॅरिसला भारताची मल्ल विनेश फोगट जास्तीच्या 100 ग्रॅमनी बाद झाली आणि नंतर तिला सलाईन लावावं लागलं.

आता घाम तपासणाऱ्या पट्ट्याही निघाल्यात. माझं मत अजून साध्या वजनकाट्यालाच. पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत त्यावर उभे राहा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन वाढलेलं दिसलं, तर पुढच्या वेळी पाणी कमी प्या.