मृत्युंजयेश्वर आणि पांढरपेशा

काल कोथरूडच्या कर्वे रस्त्यावरून जाताना भाचीनं मृत्युंजयेश्वर मंदिराची पाटी मोठ्यानं वाचली: मृत्-युं-ज-येश्-वर. मग विचारलं, "मामा, यातला 'ये' कोणाचा?"

झकास प्रश्न! व्याकरण हा माझा जुना नाद, त्यामुळे सिग्नल सुटेपर्यंत मी सुटलो.

शब्द दोन तऱ्हांनी तुटतो. उच्चारानं आणि अर्थानं. उच्चारात तिनं पाडले तसे पाच तुकडे. अर्थानं मात्र दोन: मृत्युंजय + ईश्वर. संधीत अ आणि ई मिळून ए होतो. म्हणजे 'ये' दोघांच्या सामाईक भिंतीसारखा. उच्चाराचा सांधा एकीकडे, अर्थाचा दुसरीकडे.

'मृत्युंजय' हे मुळात विशेषणच, मृत्यूला जिंकणारा. मधला अनुस्वार धनंजय, शत्रुंजय यांतही भेटतो. पाणिनीय व्याकरणात तो 'मुम्' आगम, म्हणजे मध्ये शिरलेला जादा वर्ण.

'लंबोदर'चा सांधाही मृत्युंजयेश्वरासारखाच. लंब + उदर, पण बोलताना लम्-बो-दर.

उलट 'पांढरपेशा' पाहा (कोथरूडकरांनी रागावू नये!). पां-ढर-पे-शा. पांढरा + पेशा जोडताना 'रा'चा काना गळला, पण अर्थाचा सांधा उच्चाराच्या सांध्यावरच पडला. 'पेशा' फारसी, म्हणजे धंदा.

इंग्रजीतही लंबोदरासारखी गंमत. 'ओपन-एंडेड'चे भाग ओपन, एंड आणि एड. बोलताना मात्र ओ-पन-एन्-डेड. 'एंड'चा ड शेजारी पळाला.

तुमच्या सोसायटीच्या नावात असा सामाईक तुकडा आहे का? कमेंटमध्ये टाका, मिळून फोडू.