तेलात चालणारी कात्री

प्रथिनाची साखळी तोडायला पाणी लागतं. बंध सुटताना पाण्याचा एक रेणू त्यात खर्ची पडतो. जेवणातल्या डाळीचं पचनही असंच होतं. पेशीभोवतीचा पडदा मात्र स्निग्ध रेणूंचा, तिथे पाण्याला थारा नाही. तरीही नेमक्या त्याच थरात बसून प्रथिनं कापणारी एक कात्री माणसात आहे, उंदरात आहे, मातीतल्या सूक्ष्म कृमीतही आहे. तिचं नाव गॅमा-सिक्रेटेज.

प्रेसेनिलिन, निकास्ट्रिन, पेन-२ आणि एपीएच-१ अशी चार प्रथिनं जुळली की ती तयार होते. पडद्याच्या आरपार जाणारे तिचे सर्पिल धागे तब्बल २०! प्रेसेनिलिनमधली दोन अ‍ॅस्पार्टेट ही अमिनो आम्लं तिची धार. त्या स्निग्ध थरातही पाण्याचा रेणू कामाला लावून ती बंध तोडतात. एपीएच-१ हा सारा डोलारा सावरून धरतं.

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारं बीटा-अमिलॉइड याच कात्रीच्या कापातून सुटतं. मग कात्रीच बंद केली तर? १९९७ साली प्रेसेनिलिन-१चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांनी उत्तर दिलं: बरगड्या आणि मणके नीट घडलेच नाहीत, पिल्लं जन्मताच दगावली. कारण नॉच नावाचं प्रथिनही हीच कात्री कापते. त्यातून सुटलेला तुकडा केंद्रकात पोहोचतो, जनुकं जागी करतो आणि गर्भातल्या पेशींनी काय व्हायचं ते ठरतं. मोठेपणीही नॉचची गरज सरत नाही. कात्री रोखणाऱ्या सेमागासेस्टॅट या औषधाची मोठी चाचणी २०१० साली थांबवावी लागली. रुग्णांची स्थिती सुधारण्याऐवजी ढासळत होती, त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढला होता.

औषध शोधणाऱ्यांपुढचा कठीण प्रश्न हाच असतो: अपाय थांबवायचा, पण त्याच एन्झाइमचं आवश्यक काम चालू ठेवायचं, ते कसं?

इथे पुन्हा उंदीर मदतीला आला. एपीएच-१ची माणसात दोन जनुकं, उंदरात तीन: ए, बी आणि बीच्या दुपटीकरणातून आलेलं सी. बेल्जियममधल्या बार्ट डी स्ट्रूपर यांच्या गटाने २००५ साली दाखवलं, की ए काढलं तर गर्भ जगत नाही. बी आणि सी दोन्ही काढली तरी उंदीर वाढतो. म्हणजे कात्री एक नव्हेच, तिचे प्रकार आहेत आणि त्यांची कामंही सारखी नाहीत! २००९ साली याच गटाने अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांतून बी प्रकार वगळला. आजाराची लक्षणं कमी झाली, नॉचशी संबंधित दुष्परिणाम दिसले नाहीत.

उंदरावरून माणसाचं औषध लगेच हाती येत नाही. पण सगळ्या कात्र्या एकदम थांबवण्यापेक्षा नेमकी कोणती थांबवायची, हा कितीतरी चांगला प्रश्न एपीएच-१च्या इवल्याशा जनुकांनी विचारायला शिकवला.