झाडावर चढायचा दोर: डोळा गुंफलेला घ्यावा, शिवलेला की गाठीचा?



बांधावरच्या चिंचा उतरवायचे दिवस आले. देहू परिसरात काही तरुण गडी आता कमरपट्टा लावून, मुख्य दोरावर बारीक दोराचे वेढे घेऊन चढतात. ही प्रुसिकची गाठ. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ती लोकांपुढे आणली, सह्याद्रीतले गिर्यारोहकही तीच वापरतात. वजन पडलं की वेढे आवळतात, वजन काढलं की सरकतात. अख्खा माणूस या बारीक दोरावर असतो, म्हणून त्याच्या टोकाचा डोळा, म्हणजे कडीत अडकवायचा फासा, कसा केलाय ते बघा.

पीळ उलगडून पदर परत दोरातच ओवले की झाली गुंफण. ताकद हिच्यात सर्वांत कमी घटते; साध्या गाठीने दोर तिसऱ्या हिश्श्याने, कधी जास्तही, कमजोर होतो. मग गुंफणच करावी? घरी नको. तागाच्या दाव्याला तीन वेळा ओवलं तरी भागायचं, नायलॉन गुळगुळीत, त्याला निदान पाच वेळा ओवावं लागतं. शिवाय गुंफलेला भाग जाड आणि ताठ होतो. दोर आखूड असला तर तोच भाग वेढ्यात येतो, मग वेढे सारखे आवळत नाहीत आणि ऐन वेळी गाठ घसरते. वेढे मऊ भागातच यायला हवेत. वरून विणीचं कवच आणि आत गाभा असलेला दोर तर जाणकारानेच गुंफावा.

कारखान्यात शिवून आलेला, लेबल असलेला डोळा उत्तम. चांभाराकडून शिवून घेतलेला चालणार नाही.

तो मिळत नसेल तर आमचं मत गाठीला. दोन्ही टोकं एकमेकांभोवती दोन-दोन वेढे देऊन करकचून ओढा, शेपूट ८-१० सेंमी ठेवा. कमजोरी धरून दोर जरा दणकट घ्या. गाठ रोज सकाळी डोळ्यांना दिसते, गुंफणीच्या आतलं दिसत नाही.

मुख्य दोर १२-१३ मिमी असेल तर हा ८-१० मिमीचा, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा हवा. बाजारातली प्लास्टिकची स्वस्त दोरी (पॉलिप्रॉपिलीन) १६० अंशांच्या आसपास वितळते; झरकन खाली सरकताना घासून तेवढी तापू शकते. चाकणच्या कारखान्यांतून भंगारात निघालेला दोर फुकट मिळाला तरी गुरांनाच बांधा.

गडी रोजावरचा असला तरी दोर आपणच द्या. आधी फूटभर उंचीवर लटकून बघायला सांगा. शंका असल्यास गाठीचा फोटो याच नंबरवर पाठवा.